आपांचा टब

परवा घर रंगवायला आलेला माणूस शिडीवर चढला, बैठकीच्या छताचा कोपरा निरखून पाहिला आणि खाली वाकून मला म्हणाला, "ताई, हा लाल डाग कशाचा? गंजाचा का पानाचा?"

"कुंकवाचा," मी म्हणाले.

"छताला कुंकू?"

"हो. बाकी सगळं घर रंगवा. त्या डागाला तेवढा हात लावू नका."

तो शिडीवरच घुटमळला. ही बाई देवभोळी आहे का नुसतीच विचित्र, हे त्याला ठरवता येईना. मी तरी त्याला काय सांगणार? तो डाग सांगायचा तर आधी सबीहा आपा सांगाव्या लागतात, आणि आपा म्हणजे शिडीखाली उभ्या उभ्या सांगून संपणारं प्रकरण नव्हे.

आपा आमच्या घरमालकीण. गुलमंडीच्या मागच्या अंगाला, दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर भांडण झाल्याशिवाय राहत नाही अशा गल्लीत, त्यांचं जुनं दुमजली घर. वर त्या एकट्या. खाली भाड्यानं मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई. आपांचा एकुलता एक मुलगा इम्रान दुबईला. आपांना जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाची आठवण आली की डोळे भरून यावेत अशी रीत आहे. आपांच्या बाबतीत मला आधी हसू फुटतं, आणि डोळे भरायचे ते मागाहून, हसता हसता भरतात.

बुटक्या, गोलमटोल, मेंदीनं केशरी केलेले केस, चष्म्याला अडकवलेली काळी दोरी आणि पायांत रबरी चपला. त्या चपलांचा फटक फटक आवाज जिन्यावर आला की सासूबाई म्हणायच्या, "आली बया वरची वावटळ." आपा आयुष्यभर दौलताबादच्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. खेड्यातल्या पोरांना शिकवून शिकवून त्यांची मराठी पक्की मराठवाडी झाली होती, आणि घरची दखनी तर होतीच. त्यामुळे एकाच वाक्यात त्या 'लई' म्हणायच्या आणि 'हौ' पण म्हणायच्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी समोरच्याला प्रश्न विचारायची आणि बरोबर उत्तर आलं की बोट वर करून "पास!" म्हणायची खोड गेली नव्हती. भाजीवाला पास व्हायचा, पोस्टमन पास व्हायचा. माझा नवरा मात्र त्यांच्या लेखी कायम नापास. त्यानं एकदा दात घासताना नळ चालू ठेवला होता.

पाणी हा आपांचा विषय होता. या शहरात तो सगळ्यांचाच आहे म्हणा. आमच्याकडे सण दोन प्रकारचे, एक पंचांगातले आणि एक नळाचे. पंचांगातल्या सणाची तारीख आधी कळते, नळाच्या सणाची कळत नाही, एवढाच फरक. आठवडा उलटून जातो, हंडे कोरडे खणखणायला लागतात, आणि मग एका सकाळी नळातून आधी हवेची फुसफुस येते. ती फुसफुस गल्लीत सगळ्यांत आधी आपांना ऐकू यायची. मग त्या गॅलरीत येऊन जी आरोळी ठोकायच्या, "नळ आया! उठो! नळ आया!", की अर्धी गल्ली दात न घासताच बादल्या घेऊन धावायची. आपांना एवढा आनंद व्हायचा की जणू पाणी त्यांनी स्वतः जायकवाडीहून ओढून आणलं आहे.

गळणारं पाणी दिसलं की मात्र त्यांचं रक्त उसळायचं. एकदा मी आणि त्या रिक्षानं क्रांती चौकातून चाललो होतो. सिग्नलला पुढे पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या मागच्या तोटीतून चांगली करंगळीएवढी धार रस्त्यावर वाहत होती. मी आपांचा हात धरायच्या आत आपा रिक्षातून उतरून टँकरच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा कल्लोळ केला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बाई, टँकर माझा नाय!"

"टँकर नसंल तुझा. पानी तर आपलं सगळ्यांचं हाय ना? उतर खाली, पाना घे!"

तेवढ्यात ट्रॅफिक पोलीस शिट्टी वाजवत आला. आपा त्याला म्हणाल्या, "हौ हौ, तुम्ही शिट्टी वाजवत राहा, मी तोटी बघते." आणि खरंच तो बिचारा शिट्टी वाजवत राहिला. ड्रायव्हरनं पाना काढून तोटी आवळली, तरी थोडं पाझरायचं राहिलंच, तेव्हा आपांनी स्वतःची ओढणी काढून तिथं करकचून बांधली. मग डोकं उघडं असल्याचं लक्षात आल्यावर माझी ओढणी ओढून घेतली आणि रिक्षात येऊन बसल्या. "गळतंय म्हटल्यावर काहीतरी कोंबायचं, बाकीचं मग बघायचं," असं मला वर शिकवलं. ही त्यांची सवय ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढं हीच सवय सगळ्यांना नडली.

आता टब. आपांच्या न्हाणीघरात बिडाचा एक भलामोठा टब होता, पांढऱ्या रंगाचा, चार वाकड्या पायांचा. आमच्या गल्लीत टब म्हणजे चेष्टेचाच विषय. आपांचे यजमान पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होते. त्यांना आपा 'साब' म्हणायच्या. लग्न नवीन असताना कुठलंसं जुनं गेस्ट हाऊस मोडीत निघालं, तिथून साबांनी हा टब उचलला आणि हातगाडीवर घालून गुलमंडीतून वाजतगाजत घरी आणला. वाटेत लोकांना वाटलं बिर्याणीसाठी नव्या धर्तीचं डेग चाललंय. दोघातिघांनी विचारलं, "शादी किसकी है?" साब म्हणाले होते, "हमारी. हो गई, पण हौस राहिली."

"मला बोलले, तुला या टबात राणीसारखी न्हाऊ घालतो," आपा सांगायच्या आणि सांगताना त्या वयातही लाजायच्या. "इंजिनीअर मानूस. टब आनला, नळ जोडला, सगळं केलं. फक्त पानी नव्हतं!"

पाणी कधीच पुरेसं आलं नाही. टब आल्या दिवसापासून त्याची साठवणीची टाकी झाली. नळाच्या दिवशी तो काठोकाठ भरायचा आणि पुढच्या नळापर्यंत त्यातून तांब्या तांब्या पुरवायचं. आमची खालची टाकी आटली की आम्हीही त्यातूनच बादल्या आणायचो. साठवलेल्या पाण्यात कुणी अंग बुडवतं का? आमच्याकडे लहान पोरालासुद्धा ते सांगावं लागत नाही. साब गेले, इम्रान दुबईला गेला, आणि आपा त्या टबाच्या शेजारी स्टुलावर बसून बादलीनं अंघोळ करत राहिल्या. त्यात त्या एकदाही बसल्या नव्हत्या.

आणि तो टब गळायला लागला. म्हणजे टबच गळतो हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसायचं की नळ येऊन गेला की आमच्या बैठकीचा कोपरा ओला होतो, टप टप सुरू होतं, एकदोन दिवस चालतं आणि आपोआप थांबतं. नळाच्या दिवशी गळतं म्हणजे नळाचा पाइपच फुटलेला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. बाबू मिस्त्री नावाचा आमचा नेहमीचा प्लंबर यायचा. पण तो यायचा केव्हा? चारदा फोन केल्यावर, चौथ्या दिवशी, तोवर छत कोरडं. तो वर बघायचा, खाली बघायचा, म्हणायचा, "गळत तर नाय." मग जाताना कुठली तरी एक फरशी उखडून जायचा. अशानं आपांची न्हाणी निम्मी उखडली, नळाचे पाइप सगळे बदलले, आणि पुढच्या नळाला पुन्हा टप टप. "पानी झूट नाय बोलत, मिस्त्री बोलतो," आपा म्हणायच्या. बाबू म्हणायचा, "आपा, घरच जुनं हाय, त्याला मी काय करू?"

इम्रानला फोनवर हे सगळं कळायचं. एका रविवारी आपांच्या फोनच्या स्पीकरवर त्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. "अम्मी, स्लॅब सडंल. खाली माणसं राहतात. मी ईदला येतोय. तोवर गळायचं थांबलं नाय तर तो टब फोडून काढायचा आणि प्लास्टिकची टाकी बसवायची. फोडणाऱ्याला सांगून ठेवलंय."

बिडाचा टब दारातून निघण्यासारखा नव्हता. आत आणल्यावर साबांनी दार अरुंद करून घेतलं होतं. काढायचा तर घणानं तुकडे करूनच. आपांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मी त्यांना जिना हळू चढताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मात्र फटक फटक पुन्हा सुरू! सकाळी सकाळी आपा आमच्या दारात. "भाबी," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "हळद किती हाय घरात?"

"का वं? कुणाचं लगीन हाय?"

"टबाचं!"

आपांचा हिशोब साधा होता. पाइप गळत असेल तर खाली स्वच्छ पाणी पडेल. टब गळत असेल तर टबात जे घालू ते पडेल. आमची हळद, त्यांची हळद, शिवाय गुलमंडीतून आणलेली पिशवीभर हळद त्यांनी तयार ठेवली, आणि नळ आल्या दिवशी टब काठोकाठ भरून त्यात ओतली. मोठ्या झाडूच्या दांड्यानं ढवळताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की वाटलं, आता मांडव घालायलाच हवा.

दुपारी सासूबाई बैठकीत मेथी निवडत बसल्या होत्या. मी आत होते. एकदम किंकाळी आली, "अगं बाई! रगत! वरून रगत पडलं गं!" मी धावत आले तर मेथीच्या हिरव्या पानांवर लालभडक थेंब, छताच्या कोपऱ्यात लाल ओघळ, आणि सासूबाई गुडघ्यांचं दुखणं विसरून जिन्याच्या निम्म्यावर. "आपा! ओ आपा! काय झालं तुम्हाला?" त्यांच्या मागं मी. न्हाणीत बघतो तर आपा ठणठणीत, हातात झाडूचा दांडा.

"खाली रगत गळतंय!" सासूबाईंना धाप लागली होती.

"लाल? पिवळं नाय? नक्की लाल?" आपा गोंधळल्या. डोळे मिटून उभ्या राहिल्या. आणि एकदम दांडा टाकून टाळी वाजवली. "चुना! छताला चुना हाय ना खाली! भाबी, बोला, हळद आनि चुना एकत्र केला की काय होतं?"

सासूबाई कठड्याला धरून म्हणाल्या, "कुंकू होतं की. आमची आजी घरीच करायची."

"पास!" आपा एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

मग दोघी धडाधडा खाली आल्या. आपा खुर्चीवर चढल्या. मी म्हणत होते उतरा, पण ऐकतंय कोण! त्यांनी छताचा ओघळ बोटानं पुसला, वास घेतला, डोळ्यांजवळ धरला, "असली माल!" म्हणाल्या, आणि त्या आनंदाच्या भरात वळून तेच बोट सासूबाईंच्या कपाळाला लावलं.

माझे सासरे जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून सासूबाईंच्या कपाळाला मी काही पाहिलं नव्हतं. आपांचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा उतरला. "माफ करा भाबी. मी... पुसून टाका, पुसा."

सासूबाईंनी हात कपाळापर्यंत नेला आणि परत खाली आणला. "असू द्या," त्या म्हणाल्या. "मी कुठं लावलं? छतातून आलंय. कोण काय बोलंल?" आणि खाली बसून मेथी निवडायला लागल्या. ते कुंकू त्यांनी संध्याकाळपर्यंत पुसलं नाही. मला तेव्हा रडू आलं होतं, ते मी कांदा कापायला घेऊन निभावलं.

पुढचे काही दिवस घरभर हळदच हळद. आमची टाकी आटलेली, त्यामुळे आम्ही त्याच पाण्यात कपडे धुतले. माझ्या नवऱ्याचा पांढरा शर्ट पिवळा झाला, म्हणून मी त्याला आणखी साबण लावला तर तो लाल झाला. आपा जिन्यातूनच म्हणाल्या, "साबन चुन्याचा मावसभाऊ हाय, लाल होनारच!" ऑफिसात लोक नवऱ्याला विचारत होते, "दुसरं लगीन का काय?" तो घरी येऊन जेवढा चिडला तेवढ्या आपा खूश.

टब गळतो हे ठरलं, पण कुठून? बाबू मिस्त्रीनं तळाची तोटी बदलली. पुन्हा टब भरला, पुन्हा कुंकू. बाबूनं हात टेकले. "आपा, घण हाच उपाय," तो म्हणाला आणि गेला. ईद जवळ आली होती. आपांची झोप उडाली होती हे सासूबाईंनी मला सांगितलं. वरच्या खोलीत चपला सतत फटकत असायच्या.

मग आपांनी शाळेत करायच्या तसा प्रयोग लावला. त्या टबापाशी स्टूल टाकून बसल्या, मी खाली छताकडे मान वर करून. वरून त्या थोडं पाणी काढून ड्रममध्ये टाकायच्या, बऱ्याच वेळानं ओरडायच्या, "गळतंय का गं?" मी खालून, "गळतंय!" पुन्हा तांबे उपसायच्या. "आता?" "गळतंय, आपा!" माझी मान मोडायची वेळ आली. सकाळची दुपार झाली. टप आणि टपमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग थेंब छताला लटकला तो लटकलाच. पडेना.

"आता गळतंय का?"

"नाही! आपा, थांबलं! थांबलं!"

मी धावत वर गेले. टब अजून जवळजवळ भरलेलाच होता, फक्त काठाखाली चार बोटं पाणी उतरलं होतं. आणि पाण्याच्या लगेच वर, टबाच्या आतल्या अंगाला, रंगाखाली एक गोल फुगवटा होता. इतकी वर्षं टबाला रंगावर रंग बसलेले, तो फुगवटा टबाचाच भाग वाटायचा. आपा त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी तांब्याच्या कडेनं तो खरवडला. रंगाखाली पांढरं सिमेंट निघालं. सिमेंटाच्या मागं भोक, आणि भोकात कोंबलेली कुजकी चिंधी. त्यांनी ती ओढून काढली, उजेडात धरली.

"ही तर माझी ओढनी," आपा म्हणाल्या. "हिरवी. लग्नातली."

मग त्यांना सगळं आठवलं. टब घरात आला त्या पहिल्या उन्हाळ्यात साब दौऱ्यावर असताना नळ आला होता. आपांनी टब भरला, तर काठाखालच्या या भोकातून पाणी आपलं वाहून जायला लागलं. टब भरून सांडू नये म्हणून कंपनीनं ठेवलेली ती वाट. ज्या देशात पाणी सांडण्याइतकं येतं तिथली सोय. आपांना वाटलं, चार बोटं पाणी फुकट जातंय! ओढणी फाडली, कोंबली, वरून सिमेंट थापलं, रंग मारला. साबांना सांगितलंच नाही, कारण ते इंजिनीअर, त्यांनी करू दिलं नसतं. ती चिंधी इतकी वर्षं टिकली आणि मग कुजली, वरच्या सिमेंटाला बारीक चिरा गेल्या. मागचा पाइपही सडला. काठोकाठ भरलं की पाणी त्या भोकातून भिंतीच्या मागं उतरायचं. पाणी वापरून चार बोटं कमी झालं की गळती बंद, आणि नेमका तेव्हाच बाबू मिस्त्री यायचा.

"म्हणजे चोर मीच!" आपा स्टुलावर बसून हसायला लागल्या. हसता हसता चष्मा निसटला आणि दोरीला लोंबकळायला लागला. "बाबूला शिव्या दिल्या, नळाला दिल्या, महापालिकेला दिल्या, आनि ओढनी माझीच!" त्यांचं हसणं ऐकून सासूबाई वर आल्या, त्यांनी ऐकलं आणि त्याही भिंतीला टेकून हसत बसल्या. एवढं हसणं त्या न्हाणीनं साबांच्या वेळेनंतर ऐकलं नसेल.

बाबूनं भोक साफ केलं, मागचा पाइप आणि रबर नवं टाकलं. आता फक्त खात्री करायची होती, आणि तेवढ्यात इम्रान आला. टब फोडणारा दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. इम्रान चांगला मुलगा, पण दुबईहून आलेल्या माणसाला सगळं झटपट लागतं. तो म्हणाला, "आज दाखव गळत नाय म्हणून. नायतर उद्या घण."

नशीब की त्याच दिवशी नळ आला. टब भोकापर्यंत भरला. पण पाणी भोकावर चढून त्यातून वाहिल्याशिवाय नव्या पाइपाची परीक्षा कशी होणार? नळ तर तेवढ्यात गेला. बाबू म्हणाला, "पाटा-वरवंटा टाका आत, पानी चढंल."

"टबाला टवका गेला तर?" आपा कळवळल्या.

"मग मी बसतो," इम्रान म्हणाला.

"तू?" आपांनी त्याच्या दुबईच्या पोटाकडे पाहिलं. "तू बसलास तर टबात पानी उरंल का?"

आपा टबाकडे बघत होत्या. मला त्यांच्या मनातलं कळत होतं आणि ते त्या बोलणार नाहीत हेही कळत होतं. भरल्या टबातलं आठवड्याचं पाणी. त्यात अंग बुडवायचं?

तेव्हा सासूबाई पुढं झाल्या. "आपा, तुम्हीच बसा."

"नक्को भाबी, एवढं पानी..."

"थेंब वाया जायचा नाय. मोरीकडे जाईल ते बादलीत धरू. तुमचं झालं की त्याच पान्यात मी गोधड्या धुते. सगळ्या घरच्या गोधड्या मळल्यात. उरलेल्यात अंगण. आनि नळ येईस्तोवर आपन सगळे काटकसर करू." त्यांनी आपांचा दंड धरला. "तुम्ही मला कुंकू लावलं. आता मी तुम्हाला न्हाऊ घालते. चला."

पुरुषांना खाली हाकललं. बाबू ओट्यावर बसला. मी आणि इम्रान बैठकीत, कोपऱ्याखाली, माना वर करून उभे. वर दार लागल्याचा आवाज आला. मग पाणी डुचमळलं. मग आपांचा एक लांब, आश्चर्याचा "या अल्लाऽ" आणि सासूबाईंचं हसणं. नव्या पाइपातून पाणी घळघळ मोरीकडे निघाल्याचा आवाज भिंतीतून ऐकू आला. लाल डागाकडे आम्ही डोळे फाडून बघत राहिलो. छत कोरडं ठणठणीत. मी किती तरी वेळ बघितलं, तरी कोरडंच.

"गळतंय का गं?" वरून आपांचा आवाज.

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. इम्राननं हात वर करून मला थांबवलं. तो छताकडेच बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. तो ओरडला, "अम्मी, अबी समझ में नै आरा! और थोडा बैठो!"

मग मला म्हणाला, "ताई, टॉवेल देऊन या तिला. घाई करू नका म्हणावं."

मी टॉवेल घेऊन वर गेले. सासूबाईंनी दार किलकिलं केलं. आपांना मी नंतरही रोज पाहिलं, दवाखान्यातही पाहिलं, पण माझ्यासाठी त्या तिथंच राहिल्या आहेत. सलवार-कमीजसकट गळ्यापर्यंत पाण्यात, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर पाण्याचे थेंब, दोन्ही हात टबाच्या काठांवर ऐसपैस टाकलेले. केशरी केस सुटून पाण्यावर पसरले होते आणि सासूबाई तांब्यानं त्यांच्या डोक्यावर हळूहळू पाणी घालत होत्या.

आपांनी मला जवळ यायची खूण केली. हळूच विचारलं, "खरं सांग. गळतंय का?"

"नाही आपा. एक थेंब नाही."

त्यांनी ओलं बोट ओठांवर ठेवलं.

"इम्रानला सांगू नको," त्या कुजबुजल्या.

खालून इम्रानचा आवाज आला, "अम्मी, और थोडा बैठना पडेंगा!"

"बैठती रे बाबा," आपा डोळे मिटून ओरडल्या, "क्या करूं!"